रूपांतराचा भुर्दंड कोणी सोसावयाचा?

नागरिकाने आपली ओळख पटवावयाची म्हणजे छायाचित्र द्यावयाचे, हा राज्यव्यवहाराचा आता सर्वमान्य नियम होऊन बसला आहे. शाळाप्रवेश असो, स्पर्धापरीक्षेचा अर्ज असो, शिष्यवृत्ती असो वा वाहन चालविण्याचा परवाना असो, अर्जाच्या कोपऱ्यातील तो चौकोन भरल्यावाचून पुढचे पान उलटत नाही. पूर्वी त्या चौकोनात खळीने फोटो डकविला की काम भागत असे. आज तोच चौकोन संगणकाच्या पडद्यावर अवतरला आहे आणि डकविण्याची जागा ‘अपलोड’ने घेतली आहे. वरकरणी ही सोयच म्हणावयाची. परंतु ज्याच्या हाती आयफोन किंवा तशाच नव्या पद्धतीने चित्रे साठविणारा दुसरा एखादा फोन आहे, त्याला ऐन वेळी विलक्षण अनुभव येतो. फोटो स्वच्छ, चेहरा स्पष्ट, पार्श्वभूमी नियमाप्रमाणे पांढरी. तरीही संकेतस्थळ तो नाकारते. कारण एवढेच की, फाइलीच्या नावाअखेरीस ‘जेपीजी’ ही अक्षरे नसून ‘एचईआयसी’ ही अक्षरे असतात. आणि पुष्कळदा तर हे कारणही सांगितले जात नाही. ‘अवैध फाइल’ एवढे दोन शब्द पडद्यावर उमटतात आणि बिचारा अर्जदार आपले काय चुकले याचा विचार करीत बसतो.

हा विषय क्षुल्लक आहे, अग्रलेखाच्या योग्यतेचा नाही, असे काही वाचकांस वाटेल. आमचे मत तसे नाही. सामान्य माणसाचा शासनाशी संबंध येतो तो मोठमोठ्या धोरणांच्या रूपाने फारसा येत नाही. तो असल्या लहानसहान अडथळ्यांच्या रूपानेच येतो. अर्जाची मुदत मध्यरात्री संपते, फोटो स्वीकारला जात नाही, मदतीचा दूरध्वनी उचलला जात नाही आणि एका वर्षाची मेहनत एका फाइलीच्या शेपटापाशी अडते. ज्याच्यावर हा प्रसंग येतो त्याला तो क्षुल्लक वाटत नाही. यास्तव हा घोटाळा मुळात कशाचा आहे आणि तो निस्तरण्याची जबाबदारी कोणावर आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या दोन स्वरूपांची ओळख करून घेतली पाहिजे. फोनचा कॅमेरा जे चित्र टिपतो ते असंख्य रंगीत ठिपक्यांचे असते. बारा मेगापिक्सेलच्या सर्वसाधारण चित्रात आडवे ४,०३२ आणि उभे ३,०२४ ठिपके असतात. म्हणजे एकंदर १ कोटी २१ लाखांहून अधिक. प्रत्येक ठिपक्याच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाची नोंद जशीच्या तशी ठेवावयाची झाली तर एकाच फोटोला साडेतीन कोटींहून अधिक बाइट लागतील. अशी चित्रे साठविणे वा पाठविणे परवडणारे नाही. म्हणून चित्राचा संक्षेप करावा लागतो. हा संक्षेप कसा करावा याची जगभर मान्य झालेली पद्धत म्हणजे जेपीईजी. १९८६ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञमंडळाने तिची रचना केली आणि १९९२ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातील छटांचे गणिताने पृथक्करण करतात आणि मानवी डोळ्यास सहसा न जाणवणारे सूक्ष्म फेरफार गाळून टाकतात.

या गणिताशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे, ही गोष्ट फारशा लोकांना ठाऊक नसते. ज्या ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्स्फॉर्म’ या क्रियेवर जेपीईजीची सारी इमारत उभी आहे, ती सुचली १९७२ साली नासिर अहमद या बंगळुरात जन्मलेल्या आणि तेथेच अभियांत्रिकीचे पहिले शिक्षण घेतलेल्या संशोधकास. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्या संशोधनास अनुदान नाकारले होते. तरीही अहमद यांनी काम पुरे केले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. आज जगातील यच्चयावत फोन, संगणक आणि छपाईयंत्रे ज्या पद्धतीची चित्रे वाचतात, तिच्या मुळाशी हे तिघांचे काम आहे.

मग एवढी प्रस्थापित पद्धत असताना दुसरीचे प्रयोजन काय? उत्तर सरळ आहे. चित्रांची संख्या वाढली, ठिपके वाढले आणि फोनमधील जागा पुरेनाशी झाली. २०१३ साली चलच्चित्रांच्या संक्षेपासाठी एचईव्हीसी हे नवे मानक आले. ते चित्राचे लहानमोठे भाग सोयीप्रमाणे पाडते आणि शेजारच्या भागावरून पुढच्या भागाचा अंदाज बांधते. त्यामुळे नोंद ठेवावी लागते ती केवळ अंदाज आणि वस्तुस्थिती यांतील फरकाची. २०१५ साली हीच युक्ती स्थिरचित्रांना लावणारा ‘हेइफ’ हा साचा तयार झाला. ॲपल कंपनीने २०१७ च्या सप्टेंबरात आपल्या फोनच्या अकराव्या आज्ञाप्रणालीपासून तो मूळ स्वरूप म्हणून स्वीकारला. एचईआयसी हे त्याच साच्यातील फाइलीचे नाव. तेवढ्याच दर्जाचे चित्र यात साधारण निम्म्या जागेत मावते. शिवाय एकाच फाइलीत अनेक चित्रे, खोलीची नोंद, रंगांच्या अधिक पायऱ्या यांनाही वाव असतो. तंत्रदृष्ट्या नवी पद्धत सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सरस वस्तू सार्वत्रिक होतेच असे नाही. एचईव्हीसीवर अनेक कंपन्यांचे एकस्वाधिकार आहेत आणि ते एका हाती नसून निरनिराळ्या परवाना-गटांत विभागलेले आहेत. जो कोणी ही पद्धत वापरील त्याने कोणाला किती द्यावयाचे, हाच गुंता होऊन बसला. मायक्रोसॉफ्टने तर विंडोजसाठी यातला आवश्यक भाग आपल्या दुकानात ९९ सेंटला वेगळा विकावयास ठेवला. ॲपलच्या सफारीला ही चित्रे दाखविता येऊ लागली तीही २०२३ साली; बाकीच्या बहुतेक ब्राउझरांनी तिकडे पाठच फिरविली. याउलट गेल्या तीस वर्षांत जेपीईजी न वाचणारे यंत्र शोधून सापडणे कठीण. तिच्यावरही एका कंपनीने २००२ साली १९८७ च्या एका एकस्वाच्या आधारे हक्क सांगून पाहिला होता. पण अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने २००६ साली फेरतपासणीत त्या दाव्याचा मोठा भाग नाकारला आणि ते प्रकरण मिटले. सारांश, एक पद्धत काटकसरीची पण सोवळ्यातली, दुसरी उधळी पण सर्वांच्या पंगतीला बसणारी. या दोहोंच्या भांडणात सापडतो तो सामान्य फोनधारक. त्याने कॅमेऱ्याचे बटण दाबताना या दोहोंपैकी कोणतीही पद्धत जाणूनबुजून निवडलेली नसते.

या भांडणाची किंमत काय होते, याचा धडा अमेरिकेत २०२० च्या मे महिन्यात मिळाला. कॉलेज बोर्ड ही तेथील परीक्षासंस्था विद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या परीक्षा घेते. त्यांतील यशावर महाविद्यालयातील श्रेयांक अवलंबून असतात. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी या परीक्षा घरी बसून द्यावयाच्या होत्या. उत्तरे कागदावर लिहून त्यांचा फोटो पाठविण्याची मुभा होती आणि पाठविण्यास पाच मिनिटे दिलेली होती. आयफोनने टिपलेली चित्रे काही विद्यार्थ्यांनी जशीच्या तशी संगणकावर घेतली आणि पाठवावयास लावली. संकेतस्थळ जेपीजी व पीएनजीच जाणत होते. चित्रे पोहोचली नाहीत, वेळ संपली आणि पाठ केलेले, लिहिलेले सारे फुकट गेले. त्या मुलांना जूनमध्ये पुन्हा परीक्षेस बसावे, असे प्रथम सांगण्यात आले. ओरड झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून ईमेलने उत्तरे पाठविण्याची पर्यायी सोय करण्यात आली. ज्यांची उत्तरे पोहोचली नाहीत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, असे संस्थेने सांगितले. असेलही. परंतु परीक्षा ही प्रत्येकाची स्वतंत्र असते. नापास झालेल्याचे समाधान टक्केवारीने होत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चूक उघड झाल्यावर तेथेही पहिला उपदेश विद्यार्थ्यांनाच झाला: फोनची सेटिंग बदला. दार रुंद करावयाचे सोडून येणाऱ्याने अंग चोरावे, असा हा न्याय.

आपल्याकडील स्थिती याहून वेगळी नाही. प्रवेशपरीक्षा आणि नोकरभरती यांच्या माहितीपत्रकांत फोटो व सही जेपीजी स्वरूपात, अमुक इतक्या केबीच्या आत असावी, अशी अट ठरलेलीच असते. ही अट पुरी कशी करावी, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. शहरातील सुशिक्षित घरात मुलगा वा मुलगी हे काम निभावून नेते. पण सत्तरी-काणकोणच्या एखाद्या वाड्यावरील विद्यार्थिनीस, पेन्शनच्या कामासाठी फोटो धाडणाऱ्या वृद्ध शिक्षकास, किंवा परदेशी बोटीवर नोकरीस असलेल्या मुलाने पाठविलेला फोटो घेऊन बसलेल्या आईस हे कसे साधावे? मग वाट धरावी लागते ती बाजारातील झेरॉक्सच्या दुकानाची. तेथे पैसे मोजले की काम होते, हे खरे; पण त्यासाठी आपला फोटो, सही आणि पुष्कळदा आधारकार्डही परक्या संगणकावर उतरते व तेथेच राहते. जे दुकानात जात नाहीत ते इंटरनेटवर शोध घेऊन फुकट रूपांतर करून देणाऱ्या कोणत्या तरी अनोळखी स्थळी हेच ऐवज टाकतात. ते स्थळ कोणाचे, कोणत्या देशातले, तेथे फाइल किती दिवस राहणार, याचा त्यांना पत्ता नसतो. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला. ज्या सरकारने तो कायदा केला, त्याच सरकारच्या कचेऱ्यांच्या अटींमुळे लोक आपली ओळखपत्रे वाऱ्यावर सोडीत असतील तर त्या कायद्याचा हेतू विफल होतो, हे संबंधितांच्या ध्यानी यावयास हवे.

प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती गोमंतकीयांस विशेष जवळची आहे. डोंगरकापणी, बेकायदा रेतीउपसा, शेतात घातलेला भराव यांविरुद्ध आज गावोगावचे नागरिक तक्रारी करीत आहेत आणि त्यांचे मुख्य शस्त्र म्हणजे फोनने टिपलेले छायाचित्र. अशा चित्राच्या पोटात ते कधी घेतले, कोणत्या यंत्राने घेतले आणि, फोनधारकाने परवानगी दिली असेल तर, कोणत्या अक्षांश-रेखांशावर घेतले, याची नोंद असते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो धाडला की तो पुन्हा संक्षिप्त होतो आणि स्थळाची नोंद गळून पडते. रूपांतर करून देणाऱ्या साधनांपैकी काही ही नोंद राखतात, काही पुसून टाकतात. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात त्या फाइलीची ‘हॅश’ नावाची संख्या नमूद करावयाची असते. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी ही संख्या बदलते. एचईआयसीचे जेपीजी केले की डोळ्याला चित्र तेच दिसेल, पण फाइल निराळी झालेली असेल. तेव्हा तक्रार स्वीकारणारी कचेरी ‘आधी रूपांतर करून आणा’ असे सांगते त्या वेळी ती नागरिकाला मूळ ऐवजाऐवजी नक्कल सादर करावयास लावीत असते. प्रतिपक्षाच्या वकिलास याहून अधिक काय हवे? निदान अशा तक्रारींच्या बाबतीत तरी मूळ फाइल आहे त्या स्वरूपात दाखल करून घेण्याची सोय असलीच पाहिजे.

कचेऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. लाखो अर्जांतील चित्रे एकाच साच्यात नसतील तर ती तपासणे, छापणे, प्रवेशपत्रावर उतरविणे दुरापास्त होईल, असे अधिकारी सांगतात. फाइली फार मोठ्या आल्या तर यंत्रणेवर भार पडतो. अनोळखी स्वरूपाच्या फाइलीतून अपायकारक आज्ञावली शिरण्याचे भय असते. आणि शासनाने शक्यतो स्वामित्वशुल्क न लागणारी खुली मानकेच वापरावीत, असे केंद्र सरकारचे २०१० सालचे ई-प्रशासनविषयक धोरणही आहे. हे सारे आक्षेप खरे आहेत. परंतु त्यांतून निष्कर्ष निघतो तो एवढाच की, कचेरीने आपल्या कपाटात चित्र कोणत्या स्वरूपात ठेवावे. ते जेपीजीत ठेवावे, खुशाल ठेवावे. दारात आलेल्या माणसाने ते कोणत्या स्वरूपात आणावे, हा प्रश्न वेगळा आहे. पंचायतीत कोकणीतून वा मराठीतून केलेला अर्ज टिपणीसाठी इंग्रजीत उतरवून घ्यावा लागला तर ते काम कचेरीने करावयाचे असते. अर्जदाराला भाषांतरकार शोधावयास कोणी पिटाळीत नाही. चित्राच्या बाबतीत निराळा न्याय का असावा?

आणि हे काम अवघड तरी कोठे आहे? आलेले चित्र उघडून ठरलेल्या मापात व स्वरूपात पुन्हा लिहून घेणे, हे संगणकाला क्षणाचे काम आहे. त्यासाठी ‘लिबहेइफ’सारखी मुक्त-स्रोत साधने उपलब्ध आहेत आणि जगातील असंख्य संस्था ती वापरीत आहेत. एकस्वाच्या परवान्याचा जो प्रश्न उरतो तो सरकारने कंपन्यांशी बसून सोडविण्याचा आहे. त्याची झळ अर्जदाराला लागण्याचे कारण नाही. किंबहुना, आलेले प्रत्येक चित्र पुन्हा लिहून घेतल्याने त्यात दडलेली अपायकारक भर बाहेर पडते; म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हाच मार्ग श्रेयस्कर. केबीची मर्यादा घालावयाची असेल तर तीही यंत्रानेच पाळावी. माणसाने ती पाळावयाची म्हटले की चित्र इतके आवळले जाते की चेहरा ओळखू येत नाही, आणि मग ‘छायाचित्र अस्पष्ट’ या सबबीवर तोच अर्ज फेटाळला जातो. एका नियमाने माणसाला खड्ड्यात लोटावयाचे आणि दुसऱ्याने तो खड्ड्यात का पडला म्हणून दंड करावयाचा, असा हा प्रकार आहे.

मराठी माणसाला तरी स्वरूपाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मोडीत लिहिलेले असंख्य कागद आपल्या दप्तरखान्यांत पडून आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच. पण ती लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिल्यामुळे ते मुके झाले आहेत. त्याहून अलीकडची गोष्ट म्हणजे संगणकावरील मराठीची. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फाँटची अक्षरयोजना वेगळी असे. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की त्याचा अगम्य चिन्हांचा कालवा होई, आणि त्या काळात टंकलिखित झालेली कितीतरी पुस्तके व लेख त्यांच्या फाइली जवळ असूनही पुन्हा जुळवावी लागली, हा अनुभव आमच्या व्यवसायाला चांगलाच परिचयाचा आहे. युनिकोडने तो प्रश्न सोडविला याचे कारण सर्वांनी एक खुले मानक मान्य केले. चित्रांच्या बाबतीत असे एकमत आज नाही. एकस्वमुक्त म्हणून पुढे आलेले ‘एव्हीआयएफ’ हे २०१९ सालचे स्वरूप ब्राउझरांनी उचलले, पण फोनच्या कॅमेऱ्यांनी ते मूळ स्वरूप म्हणून स्वीकारलेले नाही. तोवर रूपांतराची निकड राहणारच.

म्हणून वाचकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा या सदरात ‘फॉरमॅट्स’ आहे. तेथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की पुढील चित्रे जेपीजीत उतरतात. जागा मात्र सुमारे दुप्पट लागते आणि आधीची चित्रे बदलत नाहीत. सॅमसंगसारख्या फोनांत कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ‘हाय एफिशियन्सी’चा पर्याय बंद करावा. जुने चित्र बदलावयाचे तर आयफोनच्याच ‘फाइल्स’मध्ये त्यावर बोट दाबून धरले असता रूपांतराची सोय मिळते, मॅक संगणकावर ‘प्रिव्ह्यू’मधून ते निर्यात करता येते. ही कामे स्वतःच्या यंत्रावर होत असताना आधारकार्ड अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली करू नये. नुसते नाव बदलून ‘एचईआयसी’च्या जागी ‘जेपीजी’ लिहिल्याने काही साधत नाही. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. जेपीजीचे प्रत्येक पुनर्लेखन थोडा तपशील गाळते. सबब एका नकलेची दुसरी नक्कल न काढता दर वेळी मूळ चित्रावरूनच रूपांतर करावे. मूळ फाइल कदापि पुसू नये. आजीचा अखेरचा फोटो असो की कापलेल्या डोंगराचा. आणि चित्र चारचौघांत प्रसिद्ध करावयाचे असेल तर त्यात आपल्या घराचा ठावठिकाणा शिल्लक नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

तथापि नागरिकाच्या दक्षतेने प्रशासनाची जबाबदारी कमी होत नाही. राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सर्व संकेतस्थळांपुरते तरी चार निर्णय तातडीने घ्यावेत. फोन जी चित्रे सर्रास काढतात ती सर्व स्वरूपे दारात स्वीकारावीत व रूपांतर आतल्या आत करून घ्यावे. नकार द्यावयाचाच झाला तर कारण व उपाय मराठीत, कोकणीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहावा. तक्रारीसोबतचा पुरावा मूळ स्वरूपात दाखल करून त्याची पोच द्यावी. आणि केवळ फोटोच्या स्वरूपामुळे कोणाचाही अर्ज मुदतबाह्य ठरवू नये. दुरुस्तीसाठी अवधी द्यावा. यांतील एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. पुढील प्रवेशसत्राचे अर्ज सुरू होण्यापूर्वी एवढे झाले तर अखेरच्या रात्री संगणकापुढे बसलेल्या विद्यार्थ्यास आपल्या चेहऱ्याखेरीज दुसरे काही सिद्ध करावे लागणार नाही. माहिती तंत्रज्ञान खात्याने या प्रश्नाकडे तत्परतेने लक्ष द्यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.